मदत हवी आहे: सागवानी वासे टोकाला टोक लावून कसे जोडू?

दारचा_आंबा: तातडीने सांगा. जुन्या घराचे सागवानी वासे आहेत, सगळे 7 फुटी. मला लांब हवेत. टोके सपाट कापून पांढरा गम लावला, दोन लाकडी खुंट्या घातल्या, रात्रभर ठेवले. सकाळी उचलताच सांधा सुटला. असे तीन वासे झाले. पावसाआधी संपवायचे आहे. कोणता गम घेऊ?

पटाशी: वासा किती जाड? लांबी किती हवी? छपराला की बाकाला? गमाचा दोष नाही. कापलेल्या टोकाला लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात, ती गम शोषून घेतात. रेषांच्या बाजूने चिकटवलेले टिकते, टोकाला टोक टिकत नाही. दोन्ही टोके लांब तिरकी कापून एकमेकांवर बसवा.

रानवाट: साग विका, लोखंडी चौकोनी पाइप घाला. मी तेच केले. वाळवीची कटकटच नाही.

दारचा_आंबा: पाइप नको, हे वासे आजोबांनी घातलेले आहेत. 3 बाय 2 इंची. पडवीला हवेत, भिंतीपासून पुढच्या तुळईपर्यंत साडेअकरा फूट.

पटाशी: हे आधी सांगायचे ना! तिरक्या कापाचा उतार 1:8 धरा, म्हणजे जाडीच्या आठपट लांब काप. 3 इंचाच्या बाजूने कापलात तर सांधा 24 इंच. दोन वाशांचे 14 फूट, वजा 2, म्हणजे 12 फूट. पुरते.

होडीकाठ: वर कौले येणार ना? मंगलोरी कौल एकेक दोन-अडीच किलोचे. तिथे 1:8 नको, 1:12 द्या. ताणात मूळ लाकडाच्या 85 ते 90 टक्क्यांच्या आसपास ताकद मिळते. होडीच्या लांब फळ्या अशाच जोडतात.

पटाशी: 1:12 ने सांधा 36 इंच होईल, लांबी 11 फुटांवर येईल. अर्धा फूट कुठून आणणार?

होडीकाठ: 2 इंचाच्या बाजूने कापा. 24 इंचांतच 1:12 बसतो.

पटाशी: मान्य, ते माझ्या ध्यानात आले नाही. पांढरा गम मात्र नको, सतत भाराखाली तो हळूहळू सरकतो. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गम, घ्या. साग तेलकट, म्हणून रंधा मारल्यावर लगेच ॲसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी चिकटवा. तिरके तुकडे एकमेकांवरून घसरतात, दोन बारीक खिळ्यांनी अडवा, मग क्लॅम्प लावा. इपॉक्सीला फार आवळू नका, सगळे बाहेर येते.

चकाकी: जोडून झाल्यावर जवसाचे तेल दोन हात द्या. रंग सुंदर खुलतो.

सुताराची_नात: सगळे सांध्यावर भांडताय, सांधा येतोय कुठे ते कोणी पाहिले का? बरोबर मध्यावर, जिथे वासा सर्वांत जास्त वाकतो. मध्ये आडवी तुळई द्या, खाली दोन खांब. दोन वासे तिच्यावर शेजारी शेजारी फूटभर पुढे काढून ठेवा आणि खिळे मारा. गम लागतच नाही. आमच्या आजोळच्या पडवीला असेच आहे.

होडीकाठ: खांब आले तर माझा सांधाही नको, हे खरे.

दारचा_आंबा: मध्ये खांब आले तर भाताची पोती उतरवायला जागा राहत नाही. तुळईच खांबांशिवाय, दोन्ही बाजूंच्या भिंतींत टेकवली तर? अंतर 9 फूट आहे.

सुताराची_नात: भिंत चिऱ्याची की मातीची?