‘संवाद साधला’ म्हणजे नेमकं काय केलं?

पानसुपारी

परवा आमच्या सोसायटीच्या फलकावर कागद लागला : ‘पाणीकपातीबाबत समितीने सर्व सभासदांशी संवाद साधलेला आहे.’ मी चष्मा पुसून परत वाचला. समितीने आमच्याशी कसलाही संवाद साधलेला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक ओळ टाकली होती, आणि तो ग्रुप असा, की त्यात अ‍ॅडमिनशिवाय कुणाला लिहिता येत नाही. म्हणजे समितीने कळवलं होतं. ‘कळवलं आहे’ असं लिहायला काय हरकत होती?

बातम्यांतही हेच. मंत्री गाडीतून उतरतात, पुढे आलेल्या माइकांसमोर चार वाक्यं बोलतात, प्रश्न सुरू झाले की गाडीत बसतात. खाली पट्टी फिरते : ‘माध्यमांशी संवाद साधला’. कंपनीतल्या दोस्ताला नोकरी गेल्याचं ईमेलने समजलं. त्या ईमेलचा विषय होता ‘संवाद’. ही चेष्टा नाही.

माझा समज असा, की संवादाला किमान दोन तोंडं लागतात आणि दोन्ही उघडी असावी लागतात. दासबोधाच्या पहिल्याच समासात ‘गुरुशिष्यांचा संवाद’ असं येतं. तिथे शिष्य शंका काढतो, अडवतो. आता कम्युनिकेशन या एका इंग्रजी शब्दासाठी आपण ‘संवाद’ हा एकच शब्द नेमला आणि बाकीचे घरी बसवले, असं मला वाटतं. माझा प्रश्न असा : कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, उत्तराची अपेक्षा आहे की नाही, हे आपोआप सांगणारे शब्द तुमच्या बोलण्यात कोणते आहेत? कोशातले नकोत, तोंडातले सांगा.

षड्ज

कोशातलं नको म्हणालात, पण पेटीतलं चालेल का? यमन रागात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि निषाद संवादी, म्हणजे त्याच्या जोडीचा. हे दोन स्वर एकमेकांशी गप्पा मारत नाहीत. एक लावला की दुसरा त्याला जुळतो, बस. हार्मोनिअमला ‘संवादिनी’ म्हणतात तेही त्याच अंगाने. ‘विसंवाद’ मात्र आपण अजून बरोबर वापरतो. दोन तक्त्यांतल्या आकड्यांत विसंवाद आहे असं म्हणतो तेव्हा आकडे बोलत असतात थोडेच? ते जुळत नसतात, एवढंच.

त्यामुळे ‘सुसंवाद’ हा शब्द ऐकला की मला पिवळं पीतांबर आठवतं.

निवृत्त उपसंपादक

या पापात आमचा वाटा मोठा आहे, म्हणून लिहितो. तीसेक वर्षं डेस्कवर काढली. एका बातमीत ‘म्हणाले’ हा शब्द सात वेळा आला, की आम्ही पेन्सिल घेऊन बसायचो : एक ‘सांगितले’, एक ‘नमूद केले’, एक ‘स्पष्ट केले’ (स्पष्ट काहीच झालेलं नसे), आणि अलीकडे ‘अधोरेखित केले’. ‘पत्रकारांशी बोलताना म्हणाले’ हे जुनं वाक्य लांब वाटायला लागलं, त्याच्या जागी ‘संवाद साधला’ आलं. ते दिसायला भारदस्त आणि पाहुण्याला खूश करणारं.

त्याआधी एक गंमत. बातमीला जुन्या पत्रांतला शब्द ‘वर्तमान’. ‘इकडील वर्तमान’ म्हणजे इकडे जे चाललंय ते. म्हणून ‘वर्तमानपत्र’. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी. म्हणजे मराठी पत्रकारिता जन्मली तीच इंग्रजीच्या शेजारी बसून. या शेजाराचा दोष द्यायचा तर फार मागे जावं लागेल.

विद्यापीठांनाही कम्युनिकेशनचं काय करावं ते एकमताने ठरवता आलेलं नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विभागाच्या नावात ‘संज्ञापन’, नागपूर विद्यापीठात ‘जनसंवाद’. दहावीच्या भूगोलात ‘संदेशवहन’. केंद्रातलं खातं मराठी पत्रकांत ‘दळणवळण मंत्रालय’, आणि गावात दळणवळण म्हणजे एसटी आणि रस्ता. ‘संज्ञापन’ कुणाच्या तोंडी बसलं नाही, पण ते बनवणाऱ्याने विचार केला होता. ज्ञापन म्हणजे कळवणं. पेशवाईतल्या पत्रांत धाकट्याने थोरल्याला लिहिलं की ‘विज्ञापना’, बरोबरीच्याला ‘विनंती’, वरून खाली आलं की ‘आज्ञा’. पत्राचा पहिला शब्द वाचला की कोण कुठे बसलंय ते कळायचं.

सरकारी पत्रांत ती उतरंड अजून आहे. कारकून साहेबांच्या ‘निदर्शनास आणतो’, साहेब कारकुनाला ‘कळवतात’, आणि नागरिकाला ‘कळविण्यात येते की’. कोण कळवतं? कुणीच नाही. कळवलं जातं. जसा पाऊस पडतो तसं.

खिडकीजवळची सीट

माझ्या ऑफिसात ‘कळवणं’ कधीच मेलं. ‘क्लायंटला कम्युनिकेट केलंस का?’ असंच विचारतात. पण अडचणीची गोष्ट आली की सगळे मराठीवर येतात. गेल्या महिन्यात डिलिव्हरी दोन दिवस लांबणार हे आम्हाला दिसत होतं. टीम लीड माझ्या टेबलाशी आली, आवाज खाली घेतला आणि म्हणाली, ‘सरांच्या फक्त कानावर घालून ठेव.’

आता हे ‘कानावर घालणं’ बघा. मी सांगितलं असतं तर सरांना काहीतरी करावं लागलं असतं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. कानावर घातलं की त्यांना काही करावं लागत नाही, पण उद्या ‘मला माहीतच नव्हतं’ असंही म्हणता येत नाही. मी पण सुटले, तेही सुटले, आणि गोष्ट मात्र कानात जाऊन बसली. लेखी काही नाही. याला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही.

सासरीही हेच चालतं. दिवाळीला माहेरी जायचं असेल तर मी नवऱ्याला सांगते, आणि नवरा त्याच्या आईच्या कानावर घालतो.

माणदेशी

आमच्याकडं ‘सांगावा’. सांगावा धाडायचा असतो, पाठवायचा नसतो. आणि सांगावा माणूस घेऊन येतो. मोबाइलवर आलेल्याला आमची आजी कधी सांगावा म्हणाली नाही, ‘फोन आलाय’ एवढंच म्हणायची.

मयताचा सांगावा कधी सरळ येत नाही. ‘अण्णांचं जास्त झालंय, निघून या’ असाच येतो. ऐकणाऱ्याला कळतं. सांगणाऱ्याला माहीत असतं की ह्याला कळलंय. तरी ‘गेले’ हा शब्द रस्त्यात कुणी उच्चारत नाही; बायका एसटीत बसून ‘काय झालं असंल गं’ म्हणत येतात आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर हंबरडा फोडतात. ‘जास्त झालंय’ हे खोटं नाही आणि खरंही नाही. पोस्टानं आलं तर कोपरा फाडलेलं कार्ड, वर ‘श्री’ नाही, वाचायच्या आधीच हात कापायचा. तार आली तरी तसंच, उघडायच्या आधीच घरात रडारड. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण ‘तार आल्यासारखं तोंड करून बसलाय’ असं आमच्यात अजून म्हणत्यात.

दुसरा शब्द ‘वर्दी’. हिंदीत वर्दी म्हणजे पोलिसाचा ड्रेस, आपल्यात पोलिसाला जाऊन जे सांगायचं ते. आग लागली की पेपरात येतंच, ‘वर्दी मिळताच अग्निशमन दलाचे जवान’. निरोप, सांगावा उशिरा पोचला तरी चालतो, वर्दी उशिरा दिली तर गुन्हा. शहरातले रिक्षावाले शाळेच्या पोरांच्या ठरलेल्या फेरीलाही ‘वर्दी’च म्हणत्यात, ते कसं झालं कुणी सांगा.

पानसुपारी

माणदेशी, ‘जास्त झालंय’वर थांबलेच मी. आमच्याकडे ‘सीरियस आहेत’ असं म्हणतात, कामगिरी तीच.

मला स्वतःला आवडणारा शब्द ‘निरोप’. एकाच शब्दात संदेशही आणि पाठवणीही. गणपतीला निरोप देतो आणि शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवतो. हे दोन अर्थ वेगळे वाटतात, पण मूळ एकच आहे : आज्ञा. जुन्या मराठीत ‘निरोप’ म्हणजे गुरूने, वडीलधाऱ्याने सांगितलेलं. गुरुचरित्रात ‘निरोपिलें’ हे क्रियापद पानोपानी भेटतं, म्हणजे सांगितलं, समजावलं. ‘निरूपण’ त्याचंच सख्खं. आणि जायचं तर वडिलांची आज्ञा घ्यायची, म्हणजे निरोप घ्यायचा. म्हणून आपण निरोप ‘घेऊन’ निघतो. ‘येते हं’ म्हणून उंबऱ्यावर थांबायचं आणि आतून ‘ये’ आलं की पाऊल उचलायचं, ही त्या आज्ञेची उरलेली खूण.

आता संदेश या अर्थाचा निरोप. आमच्याकडे फोन नव्हता तेव्हा लग्नपत्रिकेवरसुद्धा शेजाऱ्यांचा नंबर छापायचो, पुढे ‘पी.पी.’ लिहून. साताऱ्याच्या मामाने एकदा त्या नंबरावर सांगितलं, ‘निघालोय म्हणून सांगा.’ शेजारच्या काकूंच्या कढईत फोडणी. त्यांनी आईला निरोप दिला, ‘भाऊ म्हणाला, निघून या.’ आईने पिशवी भरली, डोळे पुसले, स्वारगेट गाठलं. मामा संध्याकाळी पुण्यात आमच्या दाराशी, हातात कंदी पेढे, दाराला कुलूप. काकू शेवटपर्यंत म्हणत होत्या, ‘मी शब्दसुद्धा बदलला नाही.’ खरंच, एकाच क्रियापदाची दोन रूपं. निरोपात तिसरा माणूस असतो आणि त्याची फोडणी त्यात पडतेच. ‘संवाद’ या शब्दात त्या काकूंना जागाच नाही.

तळटीप

सगळे संवादाच्या मागे लागलाय, म्हणून त्याची बाजू घेतो. मी लग्नाळू आणि लग्न झालेल्या, दोघांशीही समुपदेशक म्हणून बोलतो. तिथे लोक एक वाक्य नेहमी म्हणतात, ‘आमच्यात बोलणं आहे हो, संवाद नाही.’ यातला संवाद नेमका आहे. बोलणं म्हणजे दूध आणलंस का, फी भरलीस का, आईच्या गोळ्या संपल्यात. ते चोख चालू असतं. जुळणं नसतं. म्हणजे षड्ज म्हणतात तोच अर्थ लोकांनी आपसूक पकडलाय. शब्द बिघडवला असेल तर नोटीस लिहिणाऱ्यांनी.

आणि तुमचं ‘बोलणं’ तरी काय साधं आहे? अनेकवचन करून बघा. लग्नाची ‘बोलणी’ करायला जातात, आणि बोलणी मोडली तर घरी येऊन ‘बोलणी’ खातात. तोच शब्द, एकदा केला, एकदा खाल्ला.

निवृत्त उपसंपादक

मान्य. खाल्ल्यावरून आठवलं, एक राहिलंच : ‘म्हणे’.

‘तो अमेरिकेहून परत आला म्हणे.’ कुणी सांगितलं? विचारायचं नाही. मी पाहिलेलं नाही, जबाबदारी माझी नाही, विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा; एवढं सगळं दोन अक्षरांत. आवाज जरा वर नेला की त्यातच टोमणा : ‘आजारी होता म्हणे!’ पेपरात ‘म्हणे’ छापता येत नाही, म्हणून आम्ही ‘असे समजते’ छापतो. अर्थ तोच, फक्त धोतराची पँट केली. पुढे ‘सूत्रांनी सांगितले’ आलं. माझ्या मते ‘म्हणे’ जास्त प्रामाणिक आहे, कारण आपल्याकडे सूत्र नाही हे ते लपवत नाही. फॉरवर्ड झालेल्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी मोबाइलने आपोआप ‘म्हणे’ जोडावं, अशी माझी सूचना आहे.

खिडकीजवळची सीट

‘म्हणे’ची एक बहीण आहे आणि ती आमच्या घरात फार कामाची होती.

आईबाबांचा अबोला असायचा. दोन दिवस, कधी आठवडा. अबोला ‘धरतात’, हे मला लहानपणी फार बरोबर वाटायचं, कारण दोघंही तो खरोखर हातात घट्ट धरल्यासारखे घरभर फिरायचे. दोन खोल्यांचं घर. आई ओट्याशी, बाबा चार हातांवर खुर्चीत पेपर घेऊन. मी मधे.

आई माझ्याकडे बघून, पण मोठ्यांदा : ‘पान वाढलंय म्हणावं.’

मी बाबांकडे वळून : ‘बाबा, पान वाढलंय.’

बाबा पेपर न हलवता : ‘भूक नाही म्हणावं.’

मी वळायच्या आत आई : ‘मग सकाळी भाकरी गायीला घालते म्हणावं.’

‘म्हणे’ कुठून तरी आलेलं आत आणतं, आणि ‘म्हणावं’ इथलं बाहेर नेतं. त्या आठवड्यात आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य ‘म्हणावं’ने संपायचं. मी पुढे पुढे मधे बोलणंच सोडून दिलं, नुसती मान वळवायचे. तरी दोघांपैकी कुणीही ‘म्हणावं’ गाळलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी आई म्हणाली, ‘आमसुलाचं सार केलंय म्हणावं.’ बाबांनी पेपराची घडी घातली. म्हणाले, ‘ऐकू आलं म्हणावं,’ आणि पाटावर येऊन बसले.