विषय: ऑलिव्ह गार्डनची पास्ता नाइट – आजी-आजोबांना न्यावं का?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या फराळाची गडबड सुरू व्हायच्या आधी एकदा सगळ्यांनी नुसतं एकत्र जेवावं, असं समितीत ठरलं आहे. हॉल नको, मोठाली पातेली नकोत, शेवटी खुर्च्या उचलणं नको. ऑलिव्ह गार्डन या इटालियन हॉटेलात सध्या 'नेव्हर एंडिंग पास्ता बोल' चालू आहे. पास्ता हवा तेवढा, सोबत सूप किंवा सॅलड आणि ब्रेडस्टिकही हव्या तेवढ्या. कोजागरीनंतरचा बुधवार, संध्याकाळी साडेसहा. नवरात्राचे उपास तोवर सुटलेले असतील. ज्याचं बिल त्याने भरायचं. मोठे किती, मुलं किती, हे शनिवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: एक सभासद

सचिवदादा, बेत छान आहे, पण एक अडचण आहे. आई-बाबा पुण्याहून आलेत, जानेवारीपर्यंत आहेत. दोघंही पक्के शाकाहारी, आई तर केकसुद्धा अंड्याचा खात नाही. गेल्या वेळी आले होते तेव्हा दुसऱ्या एका इटालियन हॉटेलात त्यांना नेलं होतं. भाज्यांचं म्हणून मागवलेल्या सूपमध्ये मांसाचा तुकडा निघाला. आईने चमचा खाली ठेवला तो ठेवलाच. घरी येऊन मी कुकर लावला. तेव्हापासून बाहेर जायचं म्हटलं की ती म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी खिचडी टाकते."

तिला यावंसं वाटतं, हे मला दिसतं. आपल्या वयाच्या बायका भेटतील म्हणून तिला मंडळाचं फार अप्रूप आहे. न्यावं का? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

---

प्रेषक: काकू

अगं, जरूर ने. ग्रीनकार्ड आल्यावर मी काही वर्षं एका इटालियन हॉटेलात वेट्रेस होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी सूप, कारण घोटाळा तिथेच होतो. 'पास्ता ए फाजोली' या नावात फाजोली म्हणजे घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, त्यामुळे आपल्या लोकांना ते उसळीसारखं वाटतं. ऑलिव्ह गार्डनच्या त्या सूपमध्ये बीफचा खिमा असतो. 'झुप्पा तोस्काना'त बटाटा आणि केल वर दिसतात, खाली सॉसेज असतं. तिसऱ्यात चिकन. आपल्या आयांसाठी एकच, भाज्यांचं मिनेस्ट्रोने. ते आणि मरिनारा हा टोमॅटोचा सॉस, या दोन्हींत मांस किंवा दूध नाही, असं कंपनी स्वतः सांगते. पण हे त्यांच्यापुरतं. दुसऱ्या हॉटेलांत मिनेस्ट्रोनेसाठी चिकनचं किंवा बीफचं पाणी सर्रास वापरतात, पारंपरिक इटालियन पद्धतीत तर डुकराच्या मांसाचा तुकडाही घालतात. तुझ्या आईच्या वाटीत बहुतेक तेच आलं असणार. म्हणून "व्हेजिटेबल सूप आहे का?" असं कधीच विचारू नये. "हे कशाच्या पाण्यात शिजवलंय?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला वेटर हो म्हणतो आणि त्याच्या परीने ते खरंच असतं. दुसऱ्या प्रश्नाला त्याला आत जाऊन विचारून यावंच लागतं.

अंड्याचं म्हणशील तर सुका पास्ता साधारण ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, एवढ्याचाच असतो. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. ताजा पास्ता, रॅव्हिओली, लझानिया यांत अंडं असण्याची शक्यता खूप, फेटुचिनीतही कधी कधी. आईसाठी स्पॅगेटी किंवा रिगाटोनी माग. ॲलर्जीची माहिती मागितली की देतात, तीत अंड्याचा रकाना असतो. खात्री करून घे, म्हणजे आई निर्धास्त जेवतील.

आता चीज. खरं पार्मिजानो-रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्याशिवाय, होतच नाही, इटलीतला नियमच तसा आहे. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं. अमेरिकेत बनणाऱ्या बऱ्याच चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून काढलेलं रेनेट असतं, पण समोरच्या डब्यातलं चीज कुठलं, हे वाढणाऱ्याला ठाऊक नसतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी आल्फ्रेडो आणि फाइव्ह चीज हे चीजचे सॉस टाळावेत, साधी मरिनारा घ्यावी. टेबलाशी येऊन सॅलडवर चीज किसू लागतात, तेव्हा किसणी फिरायच्या आधीच "नो चीज, प्लीज" म्हणायचं. आपली माणसं संकोचून गप्प बसतात आणि मग ताट बाजूला सारतात. त्यापेक्षा आधी बोललेलं बरं. सॅलडचं ड्रेसिंगही बाजूला वेगळं मागवा.

आणि चव. मरिनारा आपल्याला गोडसर लागते. क्रश्ड रेड पेपर मागा, न मागता आणत नाहीत. २०१४ मध्ये स्टारबोर्ड व्हॅल्यू नावाच्या गुंतवणूकदार कंपनीने ऑलिव्ह गार्डनच्या कारभारावर सुमारे ३०० पानांचं टिपण काढलं होतं. त्यात एक तक्रार अशी की, पातेल्यांची वॉरंटी जास्त मिळावी म्हणून पास्त्याच्या पाण्यात तेव्हा मीठच घालत नव्हते. मला ती तक्रार रास्त वाटली. पास्त्याला मीठ पाण्यातूनच लागावं लागतं, वरून भुरभुरलं तर सॉस खारट होतो आणि आतला पास्ता अळणीच राहतो.

मागवताना थोडं थोडं मागवा. पोट भरतं ते पास्त्याने नाही, आधीच्या ब्रेडस्टिकने. मुलांसमोरची टोपली पहिल्या फेरीनंतर भरू देऊ नका. उरलेलं घरी बांधून नेणं आणि एकाच्या बोलमधून दोघांनी खाणं, हे अशा जेवणात चालत नाही. आपण तसं करायचं नाही.

---

प्रेषक: आणखी एक सभासद

काकू, फार उपयोगी माहिती. मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच लावलेली असते म्हणतात. तशी नसेल तर १५ टक्के पुरे ना? भांडंभर पास्ता तर आणायचा असतो.

---

प्रेषक: काकू

नाही पुरत, आणि यावर मी ठाम आहे. इथे टेक्ससमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी कायद्याला चालतं. १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. टिप धरून ७ डॉलर २५ सेंटपर्यंत पोचलं नाही तर वरची भर मालकाने घालायची, असं कायदा म्हणतो. पण घर चालतं ते टिपवरच.

आता हिशेब बघा. २०२२ मध्ये हा पास्ता बोल परत सुरू झाला, तेव्हा सुरुवातीची किंमत १३ डॉलर ९९ सेंट होती. तोच भाव धरला तर चौघांचं बिल ५६ डॉलर, १५ टक्के म्हणजे साडेआठच्या आत. एरवी त्याच चौघांचं बिल याहून बरंच मोठं होतं आणि वाढणारी मुलगी पदार्थ एकदाच आणते. इथे ती प्रत्येकासाठी दोनदा, तीनदा आत जाते. तापलेलं बोल फडक्याने धरून आणायचं, रिकामं न्यायचं, सूप, सॅलड, ब्रेडस्टिक पुन्हा आणायचं, आणि प्रत्येक वेळी कुणाचा सॉस कुठला ते लक्षात ठेवायचं. मी काम करत होते तिथे आमच्या टिपमधून टेबल पुसणाऱ्यालाही वाटा जायचा. दुकान बंद झाल्यावर तासभर नॅपकिनात काटे-चमचे गुंडाळत बसायचो, ते वेगळंच.

माझं म्हणणं, माणशी किमान ५ डॉलर ठेवावेत, लहान मुलांचेही. बिलात ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, आधीच लावली असेल तर ती बघून वरचा फरक द्यावा. जमेल त्यांनी रोख द्या.

---

प्रेषक: सभासद (आई-बाबांवाली)

काकू, तुमची मेल आईला मोठ्याने वाचून दाखवली. मिनेस्ट्रोने आणि स्पॅगेटी मरिनारा, दोन्ही तिने वहीत लिहून घेतलं. "त्या काकूंच्या शेजारी बसव मला" म्हणाली. आमचे चार मोठे, एक मूल.

---

प्रेषक: सचिव

मंडळी,

मॅनेजरशी बोललो. एवढ्या माणसांची टेबलं शेजारी शेजारी लावून देतील, पण बिलं वेगवेगळी हवीत हे ऑर्डरच्या आधी सांगावं लागेल. म्हणून बसल्या बसल्या कुटुंबवार हात वर करा. शाकाहारींची टेबलं एका बाजूला असतील. काकूंनी तिथे बसायचं कबूल केलंय, सूप मागवण्याआधी त्यांना विचारा.

टिपचं काकूंनी लिहिलंय तसंच करू. माणशी ५ डॉलर खजिनदारांकडे दारातच रोख द्या, मुलांसकट. बिलात काही आधीच लागलं असेल तर ते वजा करून बाकीचं परत मिळेल. विद्यार्थी सभासदांचं मंडळ भरेल, त्यांनी मला वेगळी मेल टाका.

आतापर्यंत ३१ नावं आली आहेत. ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा आजी-आजोबांना न्यायला-आणायला दोन गाड्या लागतील. माझी एक आहे, दुसरी कोण देतंय?