मानेवर सुरी ठेवली की कल्पना सुचतात म्हणे!

खरडूघाशी: काल मॅनेजर_मामांनी लिहिलं, "मोकळा वेळ दिला की माणूस सुस्तावतो. डेडलाइनची सुरी मानेवर ठेवा, मग बघा कल्पना!" डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा.

मी जाहिरातींचा मजकूर लिहितो. गेल्या वर्षी सलग चार महिने रात्री अकरापर्यंत बसलो. शेवटी साबणासाठी 'ताजेपणाचा नवा स्पर्श' लिहून पाठवलं. मग आठवलं, हीच ओळ मी आधी पंख्याला लावली होती! साहेबांच्याही लक्षात आलं नाही. झोप त्यांचीही झाली नव्हती.

हार्वर्डच्या संशोधक टेरेसा अमाबिले आणि सहकाऱ्यांनी १७७ कर्मचाऱ्यांच्या रोजनिशा तपासून २००२ मध्ये हेच मांडलं. घाईच्या दिवशी नवा विचार कमी, आणि तो परिणाम पुढचे दोन दिवस रेंगाळतो. गंमत म्हणजे, त्याच दिवशी लोकांना वाटतं आपण आज फारच कल्पक होतो. मामा, ऐकताय ना?

मॅनेजर_मामा: अपोलो १३, १९७०. चंद्राकडे निघालेल्या यानात बिघाड, कार्बन डायऑक्साइड वाढतोय, हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे गोल जागेत बसवायचेत. पिशव्या, पुठ्ठा, टेप घेऊन बसवलेच ना? त्यांनी रोजनिशी नाही लिहिली.

खरडूघाशी: त्यांना मध्येच टाइमशीट भरायलाही कुणी सांगितलं नाही! एकच प्रश्न, आणि तो का सोडवायचा हे सगळ्यांना ठाऊक. तशी डेडलाइन द्या, मी रात्रभर बसतो.

फाइलवाली: ते सोडा, सगळ्यांनी एकत्र बसून कल्पना काढायच्या, त्या ब्रेनस्टॉर्मिंगचं काय ते बोला. आमच्याकडे दर गुरुवारी साडेचारला. 'कुठलीच कल्पना वाईट नसते' म्हणायचं, साहेबांनी पहिली चिठ्ठी चिकटवायची, मग उरलेल्या चौदा चिठ्ठ्या तिच्याच भावकीतल्या.

गटप्रमुख७: मी ही सत्रं घेतो. दोष पद्धतीचा नाही, तोंडं शिवून बसणाऱ्यांचा आहे.

फाइलवाली: तोंड उघडलं तर 'निगेटिव्ह' म्हणून अप्रेझलमध्ये लिहितात. माझ्या लिहिलंय.

शंकासुर: १९५८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात तपासून झालंय हे. चौघं एकत्र बसण्यापेक्षा, एकेकटे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. सत्रं म्हणजे कल्पनांचं श्राद्ध.

गटप्रमुख७: तुम्ही माणूसघाणे आहात, एवढंच सिद्ध झालं. आणि ते आकडे निव्वळ सुचलेल्या कल्पनांचे. त्यातली निवडायची कुणी? घरी बसून, आरशासमोर?

शंकासुर: निवडायला बसा की! सुचण्याच्या वेळी घोळका नको, एवढंच म्हणतोय. आणि वैयक्तिक होऊ नका.

फाइलवाली: आमच्याकडे 'कर्मचारी कल्याण' पण आहे बरं का. तणावमुक्तीचं वेबिनार, रविवारी सकाळी, कॅमेरा चालू, हजेरी सक्तीची.

मॅनेजर_मामा: हे मात्र अती आहे. पण आमच्यावरही वरून दट्ट्या असतो, ते कुणी लिहीत नाही. बरं, शुक्रवारी टीमची एकही मीटिंग लावत नाही. झालं समाधान, खरडूघाशी? काही सुचलं नाही तर बिल तुमच्या नावावर फाडीन.

खरडूघाशी: मान्य. कल्पना सोमवारी सकाळी नऊलाच हव्यात ना?

मॅनेजर_मामा: साडेआठ.