मदत हवी आहे: माऊसला हात न लावता एक्सेलमध्ये सोसायटीचा हिशेब

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापूर्वी "तुम्ही काय, घरीच असता" असं म्हणत आमच्या सोसायटीनं खजिनदारपद माझ्या गळ्यात मारलं. ८४ फ्लॅट, दरमहा मेंटेनन्स, थकबाकी आणि त्यावरचं व्याज, सगळं एका एक्सेल शीटमध्ये. आता उजवं मनगट इतकं दुखतंय की माऊस कमी करा म्हणून डॉक्टरांनी दम भरलाय. (पोळ्या कमी लाटा असं मात्र कुणीही म्हणत नाही.)

नेटवरच्या '१०० शॉर्टकट' छापाच्या याद्या कृपया नकोत. दोन वाचल्या, तिसऱ्या दिवशी कॉपी-पेस्ट सोडून सगळं विसरले. माझ्या अडचणी या:

१. काल दुपारपासून बाणाची कळ दाबली की निवडलेला सेल तसाच राहतो आणि अख्खं शीट सरकतं. भाच्याचा जुना कीबोर्ड तासभर जोडला होता, तेव्हापासूनच हे सुरू झालं.

२. व्याजाचा दर जे १ या सेलमध्ये (जे रकाना, पहिली ओळ) लिहिलाय. पहिल्या फ्लॅटचं व्याज बरोबर येतं, सूत्र खाली ओढलं की बाकी सगळ्यांचं शून्य. थकबाकीदार खूश होतील, पण ऑडिटर नाही होणार.

३. पावतीच्या तारखेला टुडेचं सूत्र घातलं होतं. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर सगळ्या पावत्या 'आज'च्या!

४. पावती क्रमांकाच्या रकान्यात कंट्रोल आणि खालचा बाण दाबला की मध्येच कुठेतरी थांबतं, शेवटापर्यंत जात नाही.

विंडोज लॅपटॉप आहे. नावं मराठीत टाइप करते.

प्रतिसाद १

ताई, पहिला प्रकार म्हणजे स्क्रोल लॉक. खाली डावीकडच्या पट्टीत तसं लिहिलेलं दिसेल. भाच्याच्या कीबोर्डवर ती कळ चुकून दाबली गेली असणार आणि लॅपटॉपवर बहुधा ती कळच नसते. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा. पडद्यावर कीबोर्ड येईल, त्यातली स्क्रोल लॉकची कळ एकदा दाबा. तेवढ्यापुरता माऊस लागेल, मनगटाची माफी मागून घ्या.

तारखेसाठी कंट्रोल आणि अर्धविराम. आजची तारीख कायमची लिहिली जाते, उद्या बदलत नाही. शिफ्टही धरलात तर वेळ येते. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी विंडोज-स्पेसबारनं इंग्रजीवर या, नाहीतर अर्धविराम शोधण्यातच दिवस जाईल.

प्रतिसाद २

व्याज शून्य येतं कारण सूत्र एक ओळ खाली गेलं की जे १ चं जे २ होतं, आणि जे २ रिकामा. पहिल्या फ्लॅटच्या सेलवर एफ २ दाबून सूत्रात शिरा, कर्सर जे १ वर न्या आणि एफ ४ दाबा. 'जे'च्या आधी आणि १ च्या आधी डॉलरचं चिन्ह येईल. आता तो पत्ता हलणार नाही. सूत्रात शिरल्याशिवाय एफ ४ दाबू नका. बाहेर ती कळ तुम्ही शेवटी केलेलं काम पुन्हा करते. मी आधी एक ओळ उडवली होती, एफ ४ नं दुसरीही उडाली.

एफ ४ दाबून आवाज किंवा उजेड कमी-जास्त झाला तर सोबत एफएन दाबा.

कंट्रोल-बाण थांबतो तो भरलेल्या सेलची सलग रांग संपते तिथे. ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांची पावती रिकामी, म्हणून तुम्ही प्रत्येक थकबाकीदारापाशी अडखळताय. फ्लॅट क्रमांकाच्या रकान्यातून जा, तिथे रिकामं काही नसतं. तळाला पोचलात की बाणानंच व्याजाच्या रकान्यात या, मग कंट्रोल-शिफ्ट आणि वरचा बाण, मग कंट्रोल-डी (निवडीतल्या सगळ्यात वरच्या सेलमधलं खालपर्यंत भरतं). ८४ ओळी एका झटक्यात.

धागालेखिका

स्क्रोल लॉक गेला! पण कंट्रोल-डी केल्यावर 'व्याज' हा मथळाच ८४ वेळा खाली उतरला. कंट्रोल-झेडनं अब्रू वाचवली.

प्रतिसाद २

चूक माझीच, सांगायचं राहिलं. जुनी शून्यं तशीच असल्यामुळे रकाना सलग भरलेला होता, म्हणून निवड मथळ्यापर्यंत गेली. पहिल्या फ्लॅटचं सूत्र ठेवून त्याखालची सगळी शून्यं निवडा, डिलीट दाबा, मग तळापासून तेच करा. निवड पहिल्या सूत्रापाशी थांबेल.

धागालेखिका

जमलं!! एक शेवटचं. नोटीस बोर्डाच्या यादीसाठी पैसे भरलेल्यांच्या ओळी मी हाइड करते, तरी कॉपी केल्यावर दुसऱ्या शीटमध्ये तीही मंडळी हजर. मागच्या महिन्यात अध्यक्षांचंच नाव थकबाकीदारांत लागलं होतं.

प्रतिसाद १

निवडल्यावर आधी ऑल्ट आणि अर्धविराम, म्हणजे फक्त दिसणाऱ्या ओळी धरल्या जातात. मग कंट्रोल-सी. अध्यक्षांना चहाला बोलवा.