उत्तर: 'पॉल'मध्ये फक्त जुन्या सिनेमांचे संदर्भ आहेत का?

'जुने परग्रहवासी सिनेमे पाहिले नसतील तर पॉल (2011) मध्ये हाती काही लागत नाही' हे वर दोघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. (पॉल हा दोन मित्रांना प्रवासात भेटलेल्या परग्रहवासीचा विनोदी सिनेमा.) संदर्भ भरपूर आहेत, मान्य. शेवट डेव्हिल्स टॉवरपाशी, म्हणजे 'क्लोज एन्काउंटर्स'मधल्या प्रसिद्ध डोंगरापाशी होतो, एका प्रसंगात फोनवर 'ई.टी.'चा दिग्दर्शक स्पीलबर्ग याचा खुद्द आवाज येतो. पण गोष्ट त्यावर उभी नाही. पॉल दुसऱ्याची जखम बरी करतो तेव्हा ती काही क्षण त्याच्या स्वतःच्या अंगावर येते. वाटेत सोबत आलेल्या रूथचा डोळा तो बरा करतो तेव्हा हे दिसतं, आणि शेवटी त्या दोन मित्रांपैकी ग्रॅमला गोळी लागते तेव्हा त्याच नियमामुळे त्याला वाचवणं पॉलच्या जिवावर बेतणारं ठरतं. हे समजायला दुसरा कुठलाही सिनेमा पाहावा लागत नाही. तो प्रसंग मला आजही हलवून जातो.

आणखी एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. पॉलचा आवाज सेथ रोगनचा असला तरी चित्रीकरणाच्या वेळी पॉलच्या जागी जो लो ट्रुलिओ हा नट उभा राहायचा, तोच, जो सिनेमात एजंट ओ'रायलीही झालाय. म्हणजे त्या दोन मित्रांचं काम करणारे सायमन पेग आणि निक फ्रॉस्ट रिकाम्या हवेकडे बघून संवाद म्हणत नव्हते, समोर उत्तर देणारा जिवंत नट होता. गाडीतल्या गप्पांचे प्रसंग पुन्हा बघा: नजरा नेमक्या जुळतात, एकमेकांचं वाक्य तोडणंसुद्धा सहज वाटतं. संगणकावर बनवलेल्या पात्राशी झालेली मैत्री इतकी खरी वाटण्यात याचा वाटा फार मोठा आहे.