ब्राउजरनं पानाच्या पोटातला डेटा वाचकाला दाखवायला हवा की नको?

पानकिडा

कुठल्याही बातमीच्या, रेसिपीच्या किंवा नाटकाच्या तिकिटांच्या पानावर जाऊन 'व्ह्यू पेज सोर्स' करून पानामागचा कोड बघा. बऱ्याचदा जेसन-एलडीचा, म्हणजे मशीनला वाचता येईल अशा माहितीचा, एक तुकडा सापडतो आणि त्यात सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं, म्हणजे ही बातमी आहे, अमक्या तारखेला पहिल्यांदा आली, तमक्या तारखेला बदलली, लिहिणारा हा. रेसिपी असेल तर साहित्य, किती जणांसाठी, किती वेळ. कार्यक्रम असेल तर सुरू व्हायची वेळ आणि ठिकाण. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूनं मिळून स्कीमा डॉट ऑर्ग, म्हणजे ही माहिती कुठल्या नावांनी लिहायची याची सामायिक यादी, काढली तेव्हापासून साइटवाले हे इमानेइतबारे भरतायत. कुणासाठी? तर सर्च इंजिनसाठी. ज्यानं पान उघडलंय त्याला यातलं काही दिसत नाही, त्यानं आपलं कुकीची खिडकी बंद करायची, जाहिराती चुकवायच्या आणि खालपर्यंत स्क्रोल करत बसायचं.

माझं म्हणणं एवढंच की हा डेटा पानाबरोबर माझ्या मशीनवर आलेलाच आहे, तर ब्राउजरनं तो मला दाखवावा. अ‍ॅड्रेस बारमध्ये एक चिन्ह, दाबलं की बाजूला पट्टी. दर पावसाळ्यात फॅमिली ग्रुपवर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पुराची बातमी 'आत्ताच आलीये' म्हणून फिरते, तिच्यावर नुसती मूळ तारीख ठळक दिसली तरी निम्मे लोक गप्प बसतील.

जुना_जोगी

हे सगळं करून झालंय हो. २००६ साली फायरफॉक्ससाठी ऑपरेटर नावाचं एक्स्टेंशन होतं, पानावर मायक्रोफॉरमॅटमध्ये (दिसणाऱ्या मजकुरालाच कोडमध्ये खुणा करायची पद्धत) पत्ता किंवा कार्यक्रम असला की बटण पेटायचं, तिथून थेट कॅलेंडरमध्ये. किती जणांनी वापरलं? तुम्ही नाव तरी ऐकलं होतंत का? मग २००९ ला इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये वेब स्लाइस आले, म्हणजे पानाचा एक तुकडा धरून ठेवायची सोय, त्याचं हिरवं चिन्ह होतं, तेही गेलं. फायरफॉक्स १६ मध्ये मायक्रोडेटा (पानात अशा खुणा करायची आणखी एक पद्धत) वाचायची सोय आली, ४९ मध्ये काढून टाकली. आणि सगळ्यात जास्त वापरात असलेलं म्हणजे आरएसएसचं, साइटवरचं नवं लिखाण आपोआप मिळवून देणाऱ्या फीडचं, केशरी चिन्ह. तेसुद्धा फायरफॉक्स ४ मध्ये अ‍ॅड्रेस बारमधून उडालं, आणि २०१८ च्या शेवटी ६४ व्या आवृत्तीत फीड वाचायची सोयच गेली. प्रत्येक वेळी कारण एकच, वापरणारे मूठभर आणि कोड सांभाळायचा खर्च कायमचा.

पानकिडा

जोगीबुवा, २००६ ला मायक्रोफॉरमॅट होते किती पानांवर? चार ब्लॉगर आणि मोजक्या साइट. बटण पेटणार कधी आणि लोकांना सवय लागणार कधी. आता परिस्थिती उलटी आहे, डेटा ढीगभर आणि बटणच नाही. शिवाय ब्राउजर हे गुपचूप वापरतातच की! फायरफॉक्सचं रीडर व्ह्यू (जाहिराती वगळून नुसता लेख दाखवणारं) लेखाचं शीर्षक आणि लेखकाचं नाव जेसन-एलडीतून घेतं. म्हणजे वाचायची अक्कल आहे, फक्त मला दाखवायचं नाही.

लाटणं

मी रेसिपीचा ब्लॉग चालवते त्यामुळे दुसऱ्या बाजूनं बोलते. हे सगळं प्लगइन भरतं, '४५ मिनिटं' लिहिलं की आत त्याचं 'पीटी४५एम' होतं, मला बघावंही लागत नाही. पण उद्या ब्राउजरनं बाजूच्या पट्टीत साहित्य आणि कृती दोन्ही काढून दिली तर माझं पान कोण वाचणार? पुरणाचं वाटण सैल का होतं, डाळ किती शिजवायची, कटासाठी पाणी कधी काढायचं हे सगळं मी वर लिहिते, तुम्हाला ती बडबड वाटत असेल पण पोळी फुटते ती तिथलं न वाचल्यानेच. आणि होस्टिंगचे पैसे जाहिरातींतून येतात, हेही सांगून टाकते.

दुसरं, लोकांना वाटतं की डेटा म्हणजे लगेच ४ जणांचं ८ जणांना करून मिळेल. अहो स्कीमामध्ये साहित्याची प्रत्येक ओळ म्हणजे साधं मोकळं वाक्य असतं. 'तेल अंदाजाने', 'गूळ आवडीप्रमाणे'. ब्राउजर अंदाजाची दुप्पट कशी करणार ते बघायला मला आवडेल.

खडूस_काका

पोळ्या बाजूला ठेवा, मुख्य धोका कुणी बोलतच नाहीये.

ब्राउजरच्या खिडकीचे दोन भाग असतात. वरची पट्टी ब्राउजरची, खालचं पान साइटचं. पानावर कुणीही काहीही लिहू शकतो, वरच्या पट्टीवर नाही, म्हणून तर आपण लोकांना 'वर पत्ता बघा' असं शिकवतो. आता तुम्ही म्हणताय की साइटनं स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर ब्राउजरनं उचलून स्वतःच्या पट्टीत, स्वतःच्या फॉन्टमध्ये मांडावा. बँकेच्या नावाचं बोगस कस्टमर केअर पान काढणारा पहिलं काम काय करेल? स्कीमामध्ये बँकेचं नाव, लोगो आणि स्वतःचा मोबाइल नंबर. मग आजोबांना ब्राउजरच दाखवणार 'बँक, फोन अमुक', आणि आजोबा तो नंबर फिरवणार.

हे नुसतं 'जर-तर' नाही. पूर्वी ईव्ही सर्टिफिकेट, म्हणजे साइटमागची कंपनी तपासून दिलेला दाखला, असलं की पत्त्याशेजारी हिरव्या अक्षरात कंपनीचं नाव यायचं, तेही पैसे भरून आणि कागदपत्रं तपासून. २०१७ मध्ये एका संशोधकानं अमेरिकेत केंटकीमध्ये 'स्ट्राइप' या प्रसिद्ध पेमेंट कंपनीच्याच नावाची दुसरी कंपनी रीतसर नोंदवली आणि तसलं सर्टिफिकेट मिळवून दाखवलं. २०१९ मध्ये क्रोम ७७ आणि फायरफॉक्स ७० नी ते नाव तिथून हटवलं. तपासलेल्या माहितीची ही कथा, तर न तपासलेली तुम्ही कोणत्या तोंडानं दाखवणार?

निवांत

न्यू जर्सीहून. काकांचा मुद्दा फोन नंबर आणि नावाबाबत पटला, पण त्यासाठी सगळंच का बुडवायचं? माझी गरज अगदी साधी आहे. पुण्यातली ऑनलाइन व्याख्यानं असतात, पानावर 'सायं. ६ वा.' एवढंच, आणि मी दर वेळी डोक्यात साडेनऊ तास वजा करायचे की साडेदहा यावर अडतो, कारण इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात. पानाच्या पोटात '+०५:३०', म्हणजे ही भारतातली वेळ, असं लिहिलेलं असेल तर ब्राउजरनं मला माझी वेळ सांगावी आणि कॅलेंडरमध्ये टाकू का विचारावं. यात कोण कुणाला फसवणार?

खडूस_काका

तो '+०५:३०' बऱ्याच ठिकाणी लिहिलेलाच नसतो, नुसती तारीख आणि वेळ असते. मग ब्राउजर ती न्यू जर्सीची वेळ समजणार आणि तुम्ही संध्याकाळी सहाला लॅपटॉप उघडून बसणार, तेव्हा इकडे मध्यरात्र उलटून गेलेली.

पानकिडा

पण काका, तो लिहिलेला नसतो का, तर कुणाला दिसत नाही म्हणून! जे डोळ्यांसमोर नसतं ते सडतं. मायक्रोफॉरमॅटवाल्यांचं मूळ म्हणणंच ते होतं, की पानावर दिसणाऱ्या मजकुरालाच खुणा करा, वेगळी लपलेली प्रत ठेवू नका. जेसन-एलडीनं ती लपलेली प्रत परत आणली. ती वाचकांना दिसायला लागली की दुसऱ्या दिवशी साइटवाल्याला मेल जातील, 'अहो वेळ चुकलीये'.

जुना_जोगी

किंवा दुसऱ्या दिवशी सगळे तिथे जाहिरात भरतील. दिसायला लागलं की काय होतं ते गूगलनं बघितलंय. लोक स्वतःच्याच धंद्याला स्वतःच्याच साइटवर स्टार द्यायला लागले, २०१९ मध्ये गूगलला ते दाखवणं थांबवावं लागलं. मग सगळ्यांनी पानाखाली प्रश्नोत्तरं चिकटवली कारण निकालात जास्त जागा मिळते, २०२३ मध्ये तेही सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइटपुरतं ठेवलं. गूगलकडे स्पॅम धरायला फौज आहे, तुमच्या ब्राउजरकडे काय आहे?

आणि हे बनवणार कोण तेही सांगा. क्रोम गूगलचं, लोकांनी उत्तर सर्चच्या पानावर बघावं यात त्यांचा फायदा. फायरफॉक्सवाल्या मोझिलाची बरीचशी कमाई गूगलच्याच सर्च करारातून.

अर्धं_पान

संदर्भ जमवून ठेवणाऱ्या झोटेरो या सॉफ्टवेअरचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? पीएचडीवाल्यांना विचारा. २००६ पासून आहे, पान उघडलं की बटणाचं चिन्ह बदलतं, पुस्तक असेल तर पुस्तक, लेख असेल तर लेख, दाबलं की लेखक-वर्ष-प्रकाशक सगळं आपल्या यादीत. म्हणजे ही कल्पना चालते.

फक्त एक गोष्ट पानकिडा यांना आवडणार नाही. पानातल्या डेटावर झोटेरो पूर्ण विसंबत नाही, वेगवेगळ्या साइटसाठी शेकडो छोट्या स्क्रिप्ट लोकांनी हातानं लिहिल्यात आणि साइट बदलली की त्या दुरुस्त करत बसतात. आणि तेही ग्रंथालयांच्या आणि जर्नलच्या साइट, जिथे खोटं लिहून कुणाला काही मिळत नाही.

पानकिडा

आवडलं उलट. मग मीही मागणी छोटी करतो. नाव नको, फोन नको, स्टार तर नकोच. फक्त दोन गोष्टी, तारीख आणि कार्यक्रमाची वेळ, आणि तीसुद्धा वरच्या पट्टीत नाही, मेनूत कुठेतरी, 'ही साइट असं म्हणते' अशा शब्दांत. '+०५:३०' सारखा ऑफसेट नसेल तर 'टाइमझोन माहीत नाही' असं सरळ लिहा.

खडूस_काका

तारखेतही लबाडी चालते. जुनं पान ताजं वाटावं म्हणून एक स्वल्पविराम बदलून 'अपडेटेड आज' करणारे आहेत.

पानकिडा

म्हणूनच दोन्ही तारखा शेजारी-शेजारी दाखवा, पहिली आणि बदललेली.

लाटणं

तारीख दाखवा, माझी हरकत नाही, माझं जुनं दिवाळीचं पान अजून वाचलं जातं हे कळलं तर मलाच बरं वाटेल. साहित्याची यादीही घ्या वाटल्यास, लोक दुकानात उभं राहून तीच शोधत असतात. कृतीला हात लावलात तर मात्र मी प्लगइन काढून टाकणार, मग बसा सोर्स बघत.

खडूस_काका

मेनूत खोल कुठेतरी असेल तर माझा विरोध नाही, कारण तिथे जाणार कोण? तुम्ही, जोगी आणि मी.