आकाशात ड्रोन, समोर भोंगा: आंदोलकांनी स्वतःची यंत्रं बनवावीत का?

सोल्डरवाला (अंबड, जि. जालना)

माझं मोबाइल-स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या जागी लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन फुटलेले मोबाइल माझ्या काउंटरवर यायला लागले. आणणाऱ्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. तेव्हा हत्यारं जुनीच होती, लाठी आणि अश्रुधूर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर मात्र ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी पडली. शेतकऱ्यांच्या पोरांनी पतंग उडवले, मांजा पंख्यांत अडकावा म्हणून. नळकांड्यांवर ओली पोती टाकली. त्याच वेळी दिल्लीच्या वेशीवर पोलिसांनी लांब पल्ल्याचा भोंगाही आणून ठेवला होता, म्हणजे गर्दी पांगवायला कानठळ्या बसवणारा आवाज दूरवर फेकणारं यंत्र.

हे आपल्याकडे यायला किती वेळ लागणार? दुकानात रोज संध्याकाळी पोरं जमतात. एक म्हणतो, डीजेच्या बॉक्समधून उलटा आवाज सोडून भोंगा मारू. दुसरा म्हणतो, ड्रोनचा सिग्नल तोडणारा जॅमर बनवू. माझं मत स्पष्ट आहे. निःशस्त्र माणसाला स्वतःचे कान, डोळे आणि आपसातला संपर्क वाचवायचा हक्क आहे, आणि त्यासाठी यंत्र लागत असेल तर ते बनवायलाच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

खाकीच्या घरातली (बीड)

दादा, माझे वडील शिपाई आहेत. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगाव आणि बीडमध्ये घरं जळाली, संचारबंदी लागली, नेट बंद झालं. त्या रात्री वडील घरी आले नाहीत. आई उंबऱ्यात बसून होती, फोन लागत नव्हता. लाठीपेक्षा लांबून वापरायचं साधन बरं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं, कारण हाडं कमी मोडतात. दोन्हीकडची. तुम्ही जॅमर बनवला तर पोलीस त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी आणतील. मग हे थांबणार कुठं?

तंत्रनिकेतनातला मास्तर (लातूर)

आधी तांत्रिक बाजू सांगतो, कारण त्या पोरांच्या दोन्ही कल्पना चुकीच्या आहेत आणि त्यातून माणसं जखमी होतील.

डीजेचं बघा. असल्या भोंग्याचा बोचरा आवाज साधारण दोन-तीन हजार हर्ट्झचा असतो. अडीच हजार हर्ट्झची तरंगलांबी भरते जेमतेम १४ सेंटीमीटर. उलट्या लहरीनं आवाज मारायचा तर दोन्ही लहरी नेमक्या जुळाव्या लागतात, आणि त्या जुळतात फार तर दीड सेंटीमीटरच्या टापूत. हेडफोनमध्ये हे जमतं, कारण तिथं कान एका जागी असतो. मैदानात हजार माणसं, दोन हजार कान. एकाच्या कानाशी आवाज कमी झाला तर शेजारच्याच्या कानाशी दोन्ही लहरींची बेरीज होऊन तो ६ डेसिबलपर्यंत वाढेल. पोरांनी आपल्याच माणसांचे कान फोडले असं होईल.

जॅमरचं त्याहून वाईट. स्वस्त ड्रोन बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. घरगुती जॅमर पट्टा नीट पाळत नाही, फोनही मारतो. गर्दीत कुणाला चक्कर आली आणि १०८ लागलाच नाही तर? शिवाय सिग्नल तुटलेला ड्रोन गुपचूप परत जाईलच असं नाही, डोक्यावरही पडेल. आणि परवानगीशिवाय जॅमर बाळगणं हा गुन्हाच आहे. पोराचं आयुष्य कोर्टात जाईल.

भोंग्यावर खरा उपाय अंतर आणि कानातले बोळे. एक मीटरवर १४९ डेसिबलचा आवाज मोकळ्या जागेत १०० मीटरवर १०९ पर्यंत उतरतो. फोमचे बोळे नीट बसवले तर आणखी वीसेक डेसिबल कमी.

गोदाकाठ (पैठण)

मास्तरांचं पटलं, पण नेट बंदीचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, संभाजीनगर तिन्हीकडं नेट बंद झालं. हाँगकाँगच्या पोरांनी २०१९ ला ब्लूटूथवरून फोनाफोनीत निरोप पोचवले. त्यात कुणाचा सिग्नल तोडला नाही. तेवढं तरी आपण शिकलं पाहिजे.

आणि लेझरच्या नादाला कुणी लागू नका. हाँगकाँगात कॅमेऱ्यांवर मारले म्हणून इथंही कुणीतरी मारील. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरनं पोरांच्या डोळ्यांचे पडदे जळाले, हे आपण महाराष्ट्रात पाहिलंय.

नामांतराच्या वेळचा (नांदेड)

मी १९७९ च्या लाँग मार्चच्या वेळी तरुण होतो. विद्यापीठाचं नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. १९७८ पासूनची सोळा वर्षं आमच्याकडं कुठलं यंत्र होतं? पत्रकं, भोंगे आणि पाय. तरी सोल्डरवाल्या बाळा, तुझ्या बाजूनं एक सांगतो. १९४२ ला उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर. पकडले जाऊ नये म्हणून जागा बदलत राहिले, नोव्हेंबरात पकडले गेले, उषाताई चार वर्षं तुरुंगात. तेही बेकायदाच होतं. पण त्यांनी स्वतःचा आवाज लोकांपर्यंत पोचवला, दुसऱ्याचा बंद पाडला नाही. तुझ्या पोरांना हा फरक समजावून सांग.

सोल्डरवाला (अंबड)

आजोबा, मास्तर, जॅमरचा विषय मी आज दुकानात बंद केला. पण यंत्र सोडणार नाही. एक साधी डबी बनवतोय: माइक, छोटा प्रोसेसर, मेमरी कार्ड. दर सेकंदाला डेसिबल आणि वेळ नोंदवायची. उद्या भोंगा वाजला आणि कुणाच्या कानात महिनाभर शिट्टी राहिली, तर निदान कोर्टात दाखवायला आकडा असेल. अमेरिकेत २०१८ ला एका अपिलीय कोर्टानं असल्या भोंग्याचा आवाज हाही बळाचा वापर ठरू शकतो असं म्हटलंय.

तंत्रनिकेतनातला मास्तर (लातूर)

हे करा. फक्त बाजारातला स्वस्त डिजिटल माइक १२० डेसिबलच्या आसपास बसतो, त्यावरचं सगळं सारखंच दाखवतो. आकडा कमी आला तर तोच तुमच्या विरोधात वापरला जाईल. माझ्याकडं प्रयोगशाळेचं मीटर आहे, डबी घेऊन या, जुळवून देतो.

खाकीच्या घरातली (बीड)

नोंद ठेवणार असाल तर पूर्ण ठेवा. दगड सुरू झाला तो मिनिटही त्यात राहू द्या. आणि एक डबी बंदोबस्ताच्या बाजूलाही हवी. भोंग्याच्या मागं उभ्या असलेल्या शिपायाला कानात घालायला काय देतात, हे मी आज वडिलांना विचारलं. ते म्हणाले, कापूस.

सोल्डरवाला (अंबड)

ताई, मग दोन बनवतो. तुमच्या वडिलांसाठी बोळ्यांचं पाकीटही पाठवतो.